माळ्यावरची लक्ष्मी खरंच लाखाची आहे का? जुन्या चित्रांचा आणि फर्निचरचा हिशोब

पेपरात बातमी येते की राजा रविवर्मांचं चित्र लिलावात कोटीच्या कोटी उडवून गेलं, म्हंजे २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांचं यशोदा-कृष्णाचं चित्र मुंबईतल्या लिलावात ३८ कोटींना गेलं तसं, आणि दुसऱ्या दिवसापासून कोल्हापुरात पेठापेठांतनं माळे उघडायला लागतात. शिवाजी पेठ काय नि मंगळवार पेठ काय, जुन्या घरात एखादी लक्ष्मी नाहीतर सरस्वती लाकडी फ्रेममध्ये असतेच, खाली बारीक अक्षरात रविवर्मा प्रेस लिहिलेलं. मग फोटो काढून व्हॉट्सॲपवर, "बघ की रे, कितीला जाईल?" तोवर घरातल्या निम्म्या लोकांनी पैशाचं काय करायचं ते ठरवलेलं पण असतं.

खरं सांगायचं तर वस्तू नुसती जुनी आहे म्हणून फार पैसे येत नाहीत. ती कुणाची, कधीची, कुठनं आली हे दाखवता आलं आणि मधल्या काळात कुणी तिची वाट लावली नसेल तर पैसे येतात. सगळा खेळ या दोन गोष्टींवर आहे, बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूनं फिरतं.

अँटिक म्हंजे नक्की किती जुनं?

दुकानदाराच्या तोंडी अँटिक म्हंजे काहीही, परवा बनवून ॲसिड मारलेला पितळी फोनसुद्धा. कायद्यात मात्र रेषा स्पष्ट आहे. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे, लागू झाला १९७६ पासून. त्यात चित्र, शिल्प, नाणं, कारागिरीची वस्तू किमान १०० वर्षं जुनी असेल तर ती पुरावस्तू. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित, कागदपत्र असेल तर ७५ वर्षं पुरेत.

आता यातली गंमत बघा, ही रेषा एका जागी थांबत नाही, दरवर्षी एक वर्ष पुढं सरकते. आपले आबालाल रहिमान १९३१ साली गेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, रंकाळा, पंचगंगा, संध्यामठ रंगवणारे. त्यांची बहुतेक चित्रं एव्हाना शंभरी ओलांडून गेलीत किंवा ओलांडायला आलीत. म्हंजे आजोबांच्या काळात जे नुसतं भिंतीवरचं चित्र होतं ते नातवाच्या काळात, घरात कुणी काही न करता, कायद्याच्या भाषेत पुरावस्तू होऊन बसलेलं असतं.

त्याच कायद्यात दुसरा शब्द आहे कलानिधी. म्हंजे शंभरी भरलेली नसली तरी सरकारनं जाहीर करून राखून ठेवलेलं काम. यात ९ चित्रकार आहेत: राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ असे तिघे टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी. यांचं काम देशाबाहेर नेता येत नाही. त्याचा भावावर पण परिणाम होतो, कारण भारतात असलेल्या रविवर्माला गिऱ्हाईक फक्त भारतातलंच. तरी ३८ कोटी येतात ते सोडा.

चित्र, छापील चित्र आणि रंगवलेला फोटो

आता त्या माळ्यावरच्या लक्ष्मीकडे येऊ. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि पुढं श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेऊन चालवला. तिथं जे छापलं जायचं त्याला ओलिओग्राफ म्हणतात, म्हंजे तैलचित्रासारखं दिसावं म्हणून वरनं वॉर्निश दिलेलं दगडी छपाईचं चित्र. प्रत्येक रंगाला चुनखडीचा वेगळा दगड, आणि कागद एकेका दगडावरनं जाऊन हळूहळू लक्ष्मी उभी राहायची. अशा प्रती भरमसाट निघाल्या, म्हणून तर त्या आपल्या देवघरापर्यंत पोचल्या, राजवाड्यातली चित्रं थोडीच आपल्याकडं येणार होती.

ओळखायचं कसं? सोनाराकडचं भिंग आणा, गुजरीत कुणी ओळखीचं असेल तर पाच मिनिटं उसनं देईल, आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. हातानं रंगवलेलं असेल तर ब्रशचे फटकारे दिसतील, कुठं रंग जाड, कुठं पातळ, कुठं खालचा रंग डोकावतोय. ओलिओग्राफ असेल तर बारीक ठिपके दिसतील, पण ते एकसारखे नसतात, कुणीतरी दगडावर हातानं टाकल्यासारखे वेडेवाकडे. आणि ठिपके एकदम शिस्तीत, चार रंगांची छोटी छोटी वर्तुळं करून बसलेले दिसले तर हा अलीकडचा ऑफसेट प्रिंट, मागं चहाचं पाणी मारून जुना केलेला असण्याची दाट शक्यता, फ्रेम जुनी असली तरी. जुन्या फ्रेममध्ये नवा प्रिंट घालणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त खेळ आहे.

कधीकधी लक्ष्मीच्या साडीवर जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवलेल्या असतात. ते बघून लोक म्हणतात कुणीतरी खराब केलंय, काढून टाकू. अजिबात काढू नका. ओलिओग्राफ घरी आणून बायकांनी हौसेनं सजवायची तेव्हा पद्धत होती आणि गोळा करणारे लोक असले नग मुद्दाम शोधतात. मला स्वतःला तर साध्या प्रतीपेक्षा ही टिकल्यांची लक्ष्मी कधीही आवडते.

तिसरा प्रकार म्हंजे फेटा बांधून, काठी धरून बसलेले पणजोबा. घरात सगळे म्हणतात ऑईल पेंटिंग आहे, आणि दिसतं पण तसंच. पण बऱ्याचदा तो मोठा केलेला फोटो असतो आणि त्यावर चित्रकारानं रंग चढवलेला असतो. भिंगातनं चेहरा बघा, रंगाखाली फोटोचा गुळगुळीत करडा दिसतो, आणि रंगाचा जाड थर फेट्यावर, कोटाच्या बटणांवर, मागच्या पडद्यावर असतो. याला कमी समजायचं कारण नाही, चांगल्या हातानं रंगवलेले असले फोटो पण लोक जमवतात. फक्त ते तैलचित्र नव्हे.

पण खाली सही आहे की!

सही ही चित्रातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, दोन मिनिटांत करता येते. कोल्हापुरात तर जास्तच जपून, कारण आपल्याकडं चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या झाले. आबालाल, आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ ज्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, मग दत्तोबा दळवी, माधवराव बागल, आणि यांच्या हाताखाली शिकलेले कितीतरी. शिकायची पद्धतच अशी की मास्तरांचं चित्र समोर ठेवून जसंच्या तसं काढायचं. त्यात फसवणूक काही नव्हती, तो रियाज होता. पण ती कॉपी पन्नास-साठ वर्षांनी वाड्यातनं बाहेर पडते, कुणीतरी खाली नाव टाकतं, आणि झाली ओरिजिनल.

म्हणून जाणकार माणूस चित्र आधी उलटं करतो. मागचा कॅनव्हास, त्याला ताणून धरणारी लाकडी पट्टी, चुका म्हंजे बारीक खिळे, कॅनव्हासवरचा शिक्का. त्या काळात कॅनव्हास आणि रंग बरेचदा इंग्लंडहून यायचे आणि विन्सर अँड न्यूटनसारख्या कंपन्या मागं शिक्का मारायच्या. तो शिक्का, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, प्रदर्शनाचं लेबल, यातनं जी माहिती मिळते ती पुढच्या सहीतनं मिळत नाही. कॅनव्हास स्टेपलरच्या पिनांनी ठोकलाय आणि चित्र म्हणे १८८० चं, तर विषय तिथंच संपला, किंवा निदान नंतर कुणीतरी पुन्हा ताणून बसवलाय का हे विचारायला लागेल.

रंग पण खोटं बोलत नाहीत. टायटॅनियम व्हाईट हा पांढरा रंग १९२० च्या आसपास बाजारात आला, ॲक्रिलिक रंग त्याच्याही नंतरचे, १९५० च्या दशकातले. १८५० च्या म्हणवणाऱ्या चित्रात हे सापडले तर एकतर चित्र खोटं किंवा नंतर डागडुजी झालेली. ही तपासणी लॅबमधली झाली. घरच्या घरी यूव्ही टॉर्च मिळते, अंधारात चित्रावर मारली की जुनं वॉर्निश हिरवट चमकतं आणि नंतर लावलेले रंगाचे ठिगळ काळे दिसतात. ठिगळ दिसलं म्हणून लगेच नकली म्हणू नका, शंभर वर्षांत ठिगळ लागणारच, पण चेहराच अख्खा काळा दिसायला लागला तर मग भाव परत बोलायला लागतो.

चित्राचा सातबारा

प्रोव्हेनन्स हा शब्द लिलावाच्या बातम्यांत सारखा येतो. म्हंजे वस्तू कलाकाराच्या हातनं सुटल्यापासून आजपर्यंत कुणाकुणाकडं होती त्याची साखळी. जमिनीचं बघा, जमीन काळीभोर, बारमाही पाण्याची असू दे, पण सातबाऱ्यावर नाव नाही, मधले दोन फेरफार गायब, तर कोण पूर्ण भाव देतंय का? चित्राचं तसंच. जुनी पावती, दरबारातनं आलेलं पत्र, लग्नाच्या फोटोत मागं भिंतीवर दिसणारं तेच चित्र, एखाद्या जुन्या प्रदर्शनाचा कॅटलॉग, हे सगळे त्याचे फेरफार.

"आमच्या आजोबांनी सांगितलंय दीडशे वर्षांचं आहे" याला बाजारात काही वजन नाही, आजोबा कितीही खरे असले तरी. पण आजोबांनी सांगितलेलं लिहून काढा, कुणी दिलं, कधी, कुठल्या खोलीत होतं, आणि त्या सालातला कुठला कागद किंवा फोटो त्याच्याशी जुळतोय का बघा. वाडा पाडायचं ठरलं की लोक आधी भंगारवाल्याला फोन करतात. त्याच्या आधी एक दिवस काढून प्रत्येक वस्तूचा ती आहे त्या जागी फोटो काढा. दार चौकटीत असतानाचा, हंडी तुळईला लटकत असतानाचा, आरसा दिवाणखान्यात असतानाचा. ट्रकमध्ये पडल्यावर ते दार कोल्हापूरचं होतं की तमिळनाडूतल्या कराईकुडीचं हे सांगायला काहीच राहत नाही.

लिलावाचे कॅटलॉग वाचताना पण हेच लक्षात ठेवा. चित्रकाराचं नुसतं पूर्ण नाव दिलंय तर लिलाववाल्यांच्या मते काम त्याचंच. "अट्रिब्युटेड टू" लिहिलंय तर बहुतेक त्याचं, पण खात्री देत नाही. "स्कूल ऑफ" म्हंजे त्याच्या पठडीतल्या कुणाचं तरी. "आफ्टर" म्हंजे त्याच्या चित्रावरनं केलेली कॉपी. नाव चारही ठिकाणी तेच आणि ठळक छापलेलं, पण किमतीत आभाळ-जमिनीचा फरक.

फर्निचर: ड्रॉवर काढा आणि उलटा करा

शिसवी टेबल असो, सागवानी कपाट असो, समोरनं बघून काही कळत नाही, समोरची बाजू फसवायलाच असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यावर पसरट दातांचे सांधे एकमेकांत अडकवलेले दिसतील, सुतार त्याला डवटेल म्हणतात. हातानं पटाशीनं केलेले असतील तर सगळे दात सारखे नसतात, एक थोडा जाड, एक तिरका, आणि सुतारानं माप घेताना मारलेली रेघ अजून दिसते. सगळे दात मोजून मापून एकसारखे आले तर मशीनचं काम. आता ड्रॉवर उलटा करा आणि तळावरनं हात फिरवा. हातरंध्याची हलकी चढउतार बोटाला लागते. करवतीच्या अर्धगोल खुणा दिसल्या तर गोल पात्याची मशीन करवत. प्लायवूड दिसलं तर बहुतेक विसाव्या शतकातलं नाहीतर त्याच्यानंतरचं. फुलीच्या डोक्याचा स्क्रू, ज्याला आपण प्लस स्क्रू म्हणतो, तो १९३० च्या दशकात आला. "दोनशे वर्षांच्या" कपाटाला तो एखाद्या बिजागरीत असेल तर दुरुस्ती समजू, अठराच्या अठरा तेच असतील तर नमस्कार करून बाहेर पडायचं.

झीज पण बघा. ड्रॉवर शंभर वर्षं ओढला गेला असेल तर खालच्या कडा ज्या पट्टीवर घासतात तिथंच खाल्ल्या जातात. खुर्चीचे हात जिथं तळवा टेकतो तिथं झिजतात. नवीन वस्तू जुनी करणारे लोक साखळीनं ठोकून, ॲसिड मारून सगळीकडं सारखीच झीज आणतात, जिथं कधी कुणाचा हातच जात नाही तिथंसुद्धा. जोधपूरकडनं असलं फर्निचर ढिगानं येतं. छान दिसतं, घ्यायला काही हरकत नाही, नव्याच्या भावात घ्या म्हंजे झालं. अजून एक, लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनं आटतं, उभ्या दिशेनं जवळजवळ नाही. त्यामुळं खरंच जुन्या गोल टेबलावर टेप धरला तर ते अगदी गोल भरत नाही, एका बाजूनं थोडं कमी येतं. हे नक्कल करणाऱ्याला सहज जमत नाही.

"पॉलिश मारलं की भाव येईल ना?"

उलटं होतं. लाकडावर, पितळेवर वर्षानुवर्षांच्या हाताळण्यानं, धुरानं, तेलानं जो रंग आणि तुकतुकी येते तिला पॅटिना म्हणतात, आणि गोळा करणारा माणूस त्यासाठीच पैसे मोजत असतो. पॉलिशवाला येऊन ग्राइंडरनं घासून, वर पीयू म्हंजे पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश मारून आरशासारखं करून जातो, घरातले खूश, आणि वस्तूची निम्मी किंमत भुशाबरोबर झाडून टाकलेली असते. जुन्या फर्निचरला लाखेचं पॉलिश असायचं, तेच हलक्या हातानं परत देणारा कारागीर मिळाला तर करा, नाहीतर कोरड्या मऊ फडक्यानं पुसा आणि गप बसा. पितळेच्या जुन्या समईला चिंच लावून दर सणाला घासलं तर नक्षी हळूहळू पुसट होत जाते. पूजेची असेल तर घासा बापडे, ती वापरायचीच वस्तू आहे, पण मग ती अँटिक म्हणून जपायचा विषय सोडून द्या.

चित्राला तर ओलं फडकं लावायचंच नाही. बटाट्याच्या फोडीनं चित्र साफ करायचे व्हिडिओ फिरत असतात, ते ज्यांनी काढलेत त्यांच्या घरी जुनं चित्र नाही हे नक्की. आपल्याकडं खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, बाहेरच्या भिंतीवरचं चित्र मागनं बुरशी पकडतं. फ्रेमच्या मागं चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हंजे हवा खेळते. चित्र काचेला थेट चिकटलेलं नको, ओल आली की रंग काचेला धरतो आणि काढताना निघून येतो. मागं वर्तमानपत्र लावू नका, त्याच्या आम्लानं कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. मागं प्लायवूड ठोकलेलं असेल तर वाळवीला आमंत्रणच.

जुन्या वाड्यांत काचेवरची चित्रं पण निघतात, त्यांना सगळ्यात जास्त जपा. ती काचेच्या मागच्या बाजूनं उलटी रंगवलेली असतात, डोळ्यातला पांढरा ठिपका आधी आणि मागची भिंत शेवटी, अशा क्रमानं. म्हंजे मागनं पुसलं तर चित्रच पुसलं.

"नोंदणी केली तर सरकार उचलून नेईल"

ही भीती सगळ्यांना असते. शंभरी पार केलेली चित्रं, दगड-धातू-हस्तिदंताची शिल्पं, लाकडातलं कोरीव शिल्पकाम, चित्र असलेली हस्तलिखितं यांची नोंदणी करावी लागते. अर्ज, फोटो, आणि नोंदणी अधिकारी प्रमाणपत्र देतो. मालकी तुमचीच राहते, वस्तू तुमच्याच घरी राहते, विकली किंवा कुणाला दिली तर कळवायचं. साधं टेबल-खुर्ची या नोंदणीच्या यादीत नाही, पण दारावरच्या गणेशपट्टीवर कोरीव मूर्ती असलेली शंभरीची चौकट यात येऊ शकते.

सरकारला ताब्यात घ्यायचा अधिकार कायद्यात अजिबातच नाही असं नाही, आहे, पण तो वस्तू सार्वजनिक ठिकाणी जपण्यासाठी आणि भरपाई देऊन, आणि खरोखर पूजेत असलेल्या वस्तूला तो लागू होत नाही. त्यामुळं देवघरातला टाक जाईल वगैरे घाबरू नका. उलट नोंदणीचा कागद हा त्या सातबाऱ्यातला सगळ्यात पक्का फेरफार, उद्या चोरी झाली तर वस्तू तुमची हे दाखवायला दुसरं काय आहे तुमच्याकडं? आणि पुरावस्तूंचा धंदा करायचा असेल तर लायसन्स लागतं, हे गाडी भरून जुनी चित्रं घेऊन जाणाऱ्याला विचारायला हरकत नाही.

परदेशात मात्र नाही म्हंजे नाही. पोरगा अमेरिकेत आहे, पणजोबांचं शंभर वर्षांचं चित्र बॅगेत घालून देऊ, असं चालत नाही, खाजगी माणसानं पुरावस्तू बाहेर नेणं गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. वस्तू शंभरीच्या आतली असेल, नुसती जुनी दिसत असेल, तर पुरातत्त्व विभागाकडनं ती पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र घ्या, म्हंजे विमानतळावर वाद नाही.

वन्यजीव कायदा तर याहून कडक. सरदार-जहागीरदारांच्या घरात सांबराची शिंगं, वाघाचं कातडं, हस्तिदंती मुठीची काठी असते. ते कितीही जुनं असू दे, विकता येत नाही, घरात ठेवायला पण मालकीचं प्रमाणपत्र लागतं. फेसबुकवर फोटो टाकून "इंटरेस्टेड असल्यास इनबॉक्स" करणारे बघितले की कपाळावर हात मारावासा वाटतो.

"पण गूगलवर तर पाच लाख दाखवतंय"

ती मागितलेली किंमत. विकली गेलेली नव्हे. कुणी पाच कोटी पण मागू शकतं. बघायचे असतील तर लिलाव कंपन्यांचे झालेल्या लिलावाचे निकाल बघा, आणि त्यातही हातोडा पडला ती रक्कम वेगळी, घेणारा त्यावर कंपनीचं प्रीमियम आणि टॅक्स देतो, विकणाऱ्याच्या हातात येताना कमिशन कापलं जातं. बातमीत बहुतेक वेळा मोठा आकडा येतो. आणि व्यापारी तुमच्याकडनं घेताना त्याहून बराच खाली बोलणार, त्याला दुकान, दुरुस्ती आणि दोन वर्षं न विकता पडून राहण्याचा धोका काढायचाय, त्याला लगेच चोर म्हणायची गरज नाही.

टॅक्सचं पण लक्षात ठेवा. घरचा सोफा, फ्रिज विकला तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, घरगुती वापराच्या वस्तू म्हणून. पण चित्र, शिल्प, कलाकृती यातनं मुद्दाम वगळलेल्यात, त्यावर नफा झाला तर टॅक्स आहे. मोठी रक्कम असेल तर आधी सीएकडं जा.

"म्हंजे हे सगळं पैसेवाल्यांचं"

पुण्यात दिनकर केळकरांनी काय जमवलं बघा, अडकित्ते, दिवे, दरवाजे, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली भांडी. लोक मोडीत काढत होते त्या वस्तू. हळूहळू त्या २०,००० च्या घरात गेल्या आणि १९७५ साली त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. रविवर्माचं तैलचित्र आपल्याला परवडणार नाही ते नाहीच, पण जुना ओलिओग्राफ, जुनी कॅलेंडरं, रंगवलेले फोटो, कंदील, अडकित्ते यात अजून साध्या पगारदार माणसाला शिरकाव आहे. एकच प्रकार धरा, सगळीकडं हात घालू नका, आणि घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती ठेवा, साध्या कागदावर सही घेतलेली असली तरी चालेल.

डोळा मात्र फुकट तयार होतो. टाऊन हॉल म्युझियममध्ये आबालाल आणि बाबूराव पेंटर यांची खरी चित्रं आहेत, राजारामपुरीत चंद्रकांत मांढरेंचं कलासंग्रहालय आहे, न्यू पॅलेसमध्ये राजघराण्याचं फर्निचर आणि झुंबरं, आणि एक दिवस काढला तर साताऱ्याकडं औंधला पंतप्रतिनिधींचं भवानी संग्रहालय, तिथं रविवर्मा समोर उभं राहून बघता येतो. आधी दोन-चार ओलिओग्राफ भिंगाखाली बघा आणि मग औंधला जा. तैलचित्रातली कातडी आणि छापील चित्रातली कातडी यातला फरक एकदा डोळ्यात बसला की मग व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारायची गरज फारशी राहत नाही.